पाहुणा, पंगत आणि पाळणा : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरासाठी थीम पार्कच्या सहलींविषयी आपले प्रश्न मागवले होते. पत्रे पुष्कळ आली. कोणता पाळणा सर्वांत उंच, असे त्यांत फारच थोड्यांनी विचारले आहे. बहुतेकांना रांगेविषयी, जेवणाविषयी आणि टेकायला जागा मिळते की नाही याविषयी जाणून घ्यायचे आहे. हॉटेल व्यवस्थापन शिकवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली असल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपण आधी बसायला देतो, मग पाणी, मग बाकीचे सारे. पार्कातला पाहुणाही यजमानाची पारख याच क्रमाने करत असतो.

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला असते. मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे जात आहोत. पाच वर्षांचा नातू आणि दीड वर्षाची नात यांच्यासह एक दिवस अॅनाहाइमच्या डिस्नेलँडला जायचे ठरले आहे. यजमानांचे गुडघे दुखतात आणि मला वेगाने चक्कर येते. एवढे महागडे तिकीट काढून आम्ही केवळ पिशव्या सांभाळत बसायचे का? (नाशिकच्या एक वाचक)

उत्तर : आपण दोघांनीही जरूर जावे. या पार्कची कल्पनाच मुळी बाकावर बसलेल्या एका बापाला सुचलेली आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या फिरत्या घोड्यांवर बसवायला नेत असत, आणि मुली फेऱ्या मारत असताना स्वतः शेंगदाणे खात बाकावर बसून राहत. आईबाप आणि मुले यांना मिळून रमता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार तेव्हापासून आपल्या मनात घोळत होता, असे त्यांनी पुढे सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये त्या विचाराच्या खुणा आजही दिसतात, आणि आपल्याला उपयोग त्यांचाच होणार आहे.

दिवसाची सुरुवात आगगाडीने करावी. डिस्नेलँड रेलरोड ही खऱ्या वाफेच्या इंजिनांची गाडी पार्कला पूर्ण वळसा घालते. एका फेरीला सुमारे २० मिनिटे लागतात, वाटेत ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि डायनोसॉर दिसतात, आणि कुठे काय आहे याचा अंदाज बसल्या जागी येतो. १९६३ मध्ये सुरू झालेली टिकी रूम हीदेखील आपल्यासारख्यांसाठी उत्तम जागा आहे. वर गवताचे छप्पर, आत बसायला जागा, आणि भोवती यंत्रावर चालणारे पोपट व इतर पक्षी सुरात गाऊ लागतात. ही जागा मूळ आराखड्यात भोजनगृह म्हणून योजलेली होती. पक्षी गात असताना पानावरून कोण उठणार, हे माझ्या मनात ती पाहतानाच आले होते, आणि तिथे जेवणाऐवजी नुसता खेळ ठेवला हे योग्यच झाले असे मला वाटते. ‘स्मॉल वर्ल्ड’ या संथ नावेच्या सफरीला उंचीची अट नाही. मात्र नावेत उतरताना आणि बाहेर पडताना पाय खाली-वर करावा लागतो, तेव्हा यजमानांनी जावयाचा हात धरावा आणि घाई करू नये.

गुडघ्यांविषयी मोकळेपणाने लिहितो. प्रवेशद्वारापाशी व्हीलचेअर भाड्याने मिळते आणि ती घेण्यात आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना उगाचच कमीपणा वाटतो. दिवसभरात तिथे काही किलोमीटर चालणे सहज होते. दुपारपर्यंत हट्टाने चालून संध्याकाळची आतषबाजी न पाहताच परतणारे आजोबा मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे मागे फिरावे लागलेल्या नातवाचा चेहराही पाहिला आहे. आपली मुलगी जवळच राहते आणि त्याच दिवशी पार्कात पुन्हा प्रवेश मिळतो. त्यामुळे दुपारी घरी जाऊन दोन तास पाठ टेकावी आणि उन्हे उतरल्यावर परत यावे, हे सर्वांत चांगले.

नातीला सांभाळण्याचा प्रश्नही तिथे आधीच लक्षात घेतलेला आहे. ज्या राईडला उंचीची अट असते तिथे ‘रायडर स्विच’ अशी सोय असते. आधी एक मोठे माणूस राईडवर जाते, दुसरे मुलापाशी थांबते, आणि पहिले परतल्यावर दुसऱ्याला पुन्हा सबंध रांग लावावी लागत नाही. राईडच्या दारातल्या कर्मचाऱ्याला मुलीने आधीच विचारून ठेवावे. बेबी केअर कक्ष मेन स्ट्रीटच्या टोकाशी आहे. नातीचे कपडे बदलायला आणि तिला भरवायला तिथे निवांत जागा मिळते.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूण खातो, पण अंडेही खात नाही. अशा पार्कात घरचे खाणे नेऊ देतात का? (पुण्याचे एक वाचक, हेही कुटुंब डिस्नेलँडलाच निघाले आहे.)

उत्तर : तिथे नेऊ देतात, आणि हे वाचून आपल्याकडच्या अनेकांना आश्चर्य वाटेल. अट एवढीच, की डबा किंवा बाटली काचेची नसावी, पदार्थ गरम करावा लागू नये किंवा थंड जागी ठेवावा लागू नये, आणि त्याला उग्र वास नसावा. दशम्या, धपाटे, गूळपोळी, भडंग हे सारे या अटींत चपखल बसते. लसणाची चटणी आणि खर्डा मात्र घरीच ठेवावा. तो आपल्या नाकाला सुवास वाटला तरी बंद खोलीतल्या खेळात शेजारी बसलेल्याचाही विचार करायला हवा. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचे पाणी मागितल्यास फुकट मिळते, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घेत फिरण्याचे कारण नाही.

विकत खायचे असेल तर तिथल्या खाद्ययादीवर वनस्पतिजन्य पदार्थांपुढे पानाचे चिन्ह असते, ते पाहून मागवावे. ‘व्हेजिटेरियन’ एवढेच सांगून भागत नाही, कारण अमेरिकेत त्या शब्दात अंडे आणि चीज धरलेले असते. ‘अंडे नको’ हे वेगळे आणि स्पष्ट सांगावे. टिकी रूमच्या दारातले अननसाचे डोल व्हिप आवर्जून घ्यावे. ते आइस्क्रीमसारखे दिसते, पण त्यात दूध नसते. जरा आंबट आणि जरा गोड, उन्हातून आल्यावर जिभेवर ठेवताच विरघळते. उपासाच्या दिवशीसुद्धा आपल्याकडच्या कित्येक आज्या ते खुशाल खातील असे मला वाटते.

एखादे जेवण टेबलावर बसून करायचे असेल, तर ब्लू बायू हे भोजनगृह पाहण्याजोगे आहे. १९६७ च्या मार्चमध्ये ते ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या सफरीबरोबरच उघडले आणि तिच्याच इमारतीच्या पोटात आहे. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत कायम सांज असते, वर कागदी कंदील, आणि आपण घास घेत असताना पलीकडच्या पाण्यातून सफरीला निघालेल्यांच्या नावा सरकत जातात. जागा ६० दिवस आधीपासून राखून ठेवता येते. शाकाहारी पदार्थ मोजके असतात आणि दर चढे, तेव्हा पैसे जेवणासाठी नसून त्या सांजेसाठी मोजतो आहोत हे मनाशी पक्के करूनच जावे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत राज्यातल्याच एका मोठ्या पार्कात आम्ही गेलो होतो. रांगेत सव्वा तास उभे राहिल्यावर राईड बंद पडली. पुढची ५० मिनिटे कोणी काही सांगितले नाही. शेवटी एक मुलगा येऊन ‘आज होणार नाही’ एवढे बोलून गेला. यंत्र आहे, ते बिघडणारच, असे घरचे म्हणतात. माझी तक्रार चुकीची आहे का? (रत्नागिरीच्या एक वाचक)

उत्तर : आपली तक्रार शंभर टक्के रास्त आहे, मात्र ती नेमकी कशाबद्दल आहे हे वेगळे करून पाहू.

राईड थांबली याबद्दल पार्कला दोष देऊ नये. रोलर कोस्टरचा मार्ग टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खूण यंत्रणेला मिळाली नाही, तर मागची गाडी आपोआप अडवली जाते. म्हणजे थांबणे हे पुष्कळदा यंत्रणा शाबूत असल्याचेच लक्षण असते. डिस्नेलँडमध्ये कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे चार कसोट्या शिकवल्या गेल्या : सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण आणि कार्यक्षमता, आणि त्याही याच क्रमाने. सुरक्षिततेसाठी बाकी सारे थांबले तरी चालेल.

पण त्या यादीत दुसरा क्रमांक सौजन्याचा आहे, आणि आपल्या बाबतीत तेच हरवले. डेव्हिड मेस्टर हे हार्वर्डमध्ये शिकवत असत. रांगेत उभ्या माणसाच्या मनात काय चालते याची मांडणी त्यांनी १९८५ मध्ये केली, आणि ती मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. रिकामे बसून काढलेला वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो; किती थांबायचे हे ठाऊक नसेल तर तो आणखी मोठा वाटतो; आणि का थांबायचे हेच ठाऊक नसेल तर तो असह्य होतो. आपली ती ५० मिनिटे या तिन्ही प्रकारांत मोडतात. दर दहा मिनिटांनी एकाने येऊन ‘तपासणी चालू आहे, अजून इतका वेळ लागेल, ज्यांना जायचे असेल त्यांनी ही चिठ्ठी घेऊन नंतर यावे’ एवढे सांगितले असते, तर त्याला दमडीचाही खर्च आला नसता.

थांबणे सुसह्य करणे ही एक कला आहे आणि ती शिकता येते. डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये १९६९ पासून काय करतात ते पाहा. आत शिरताच लोकांना एका अष्टकोनी खोलीत उभे करतात, दार मिटते, आणि भिंती ताणल्यासारख्या उंच होऊ लागतात. भिंतींवरच्या तसबिरी खालून उलगडत जातात. ती खोली म्हणजे खरे तर खाली जाणारे उद्वाहन आहे. मुख्य खेळाची इमारत रेल्वेच्या रुळांपलीकडे असल्यामुळे लोकांना जमिनीखालून तिकडे न्यावे लागते. ती अडचण लपवण्यासाठी केलेली युक्तीच पुढे लोकांच्या सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट ठरली. १९९५ च्या इंडियाना जोन्स राईडच्या रांगेत एक विहीर आहे आणि तिच्यावर ‘दोर ओढू नका’ अशा अर्थाची पाटी. मुले अर्थातच दोर ओढतात, आणि विहिरीतून आवाज येतो. रांगेतल्या कंटाळलेल्या मुलाचा असा विचार कोणी बसून केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आपण आता करावे ते असे. तारीख, वेळ आणि राईडचे नाव लिहून पार्कच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार पाठवावी, तिकिटाची प्रत जोडावी, आणि परताव्याची किंवा पुन्हा प्रवेशाची स्पष्ट मागणी करावी. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. ‘आज होणार नाही’ असे सांगायला आलेल्या त्या मुलाविरुद्ध मात्र काही लिहू नये. बहुधा त्यालाही कोणी काही सांगितलेले नसेल.

प्रश्न : जादा पैसे भरून रांग चुकवण्याची सोय घ्यावी का? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर : एकच दिवस हाताशी असेल आणि सोबत लहान मुले असतील तर घ्यावी. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो तिकीटधारक सर्वांना फुकट होता. आज त्याच्या जागी पैसे मोजून लाइटनिंग लेन घ्यावी लागते. ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याने पुढे जावे, ही गोष्ट पंगतीच्या रिवाजाला धरून नाही असे माझे मत आहे, आणि सोय घेतली तरी ते मत बदलत नाही.

प्रश्न : जुन्नरजवळ आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. रविवारी ८० पर्यंत पाहुणे येतात. बैलगाडी, लेझीम, हुरडा असे सारे असते, पण दुपारी एक वाजला की सगळे एकदम जेवायला येतात. चुलीवरच्या भाकरी पुरत नाहीत, लोक ताटकळतात, आणि जेवण झाल्यावर ठेवलेल्या लेझीमकडे कोणी फिरकत नाही. मोठ्या पार्कांकडून आम्ही काय शिकावे? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : पहिली गोष्ट अशी, की याच अडचणीत आपल्यापेक्षा फार मोठे यजमान सापडलेले आहेत. डिस्नेलँडच्या उद्घाटनाच्या दिवशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले आणि खाण्याचे पदार्थ संपून गेले. पॅरिसजवळचे डिस्नेलँड १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले, तेव्हा अमेरिकन पाहुण्यांप्रमाणे इथलेही लोक दिवसभर फिरता फिरता थोडेथोडे खातील असे धरलेले होते. प्रत्यक्षात युरोपातले पाहुणे दुपारी साडेबाराला, सगळे एकाच वेळी, नीट बसून जेवायला आले. हॉटेलांत न्याहारीला फारसे कोणी बसणार नाही म्हणून भोजनगृहे लहान ठेवलेली, आणि सकाळी तिथे रांगा लागल्या. जेवणाबरोबर वाइन द्यायची नाही हा नियमही १९९३ मध्ये मागे घ्यावा लागला. पाहुण्याची जेवणाची सवय यजमानाला बदलता येत नाही, तेव्हा आपल्या पाहुण्यांना एक वाजता भूक लागते हे गृहीत धरूनच दिवस आखावा.

माझी सूचना अशी. सकाळी येताच ८० जणांच्या दोन तुकड्या कराव्यात आणि वेगळ्या रंगाचे फडके किंवा बिल्ला द्यावा. पहिली पंगत साडेबाराला आणि दुसरी दीडला, हे त्याच वेळी सांगून टाकावे. आधी कळले की माणूस कुरकुरत नाही. दुसऱ्या तुकडीला अकराच्या सुमारास ताक आणि शेंगदाण्याची चिक्की द्यावी, आणि पहिली पंगत बसलेली असताना त्यांना बैलगाडीतून शिवारात न्यावे. लेझीम जेवणापूर्वी, बारा वाजता, फक्त १५ मिनिटे ठेवावी. भरल्या पोटी आपल्याला सावली आणि सतरंजी हवी असते, ढोल नको.

चूल मागच्या बाजूला असेल तर ती पुढे आणावी. परातीत पीठ मळणारे हात, तव्यावर टाकताना भाकरीवर फिरवलेला पाण्याचा हात, आणि निखाऱ्यांवर टम्म फुगलेली भाकरी हे शहरातल्या मुलांनी कधी जवळून पाहिलेले नसते. तीन चुली ओळीने मांडून भाकरी थापणाऱ्या बायकांनी पहिल्या पंगतीच्या अर्धा तास आधी सुरुवात केली, तर भाकरीही पुरतील आणि थांबलेल्यांना पाहायला काही असेल. ज्या मुलाला थापून पाहायची असेल त्याला एक लहान गोळा द्यावा. त्या बायकांच्या अंगावर धूर येणार नाही अशी छपराची दिशा ठेवावी, आणि चुलीपासून सुरक्षित अंतरावर, सावलीत, पाठ टेकता येईल असे चार बाक आजी-आजोबांसाठी ठेवावेत.