खोड दाबून बघ, मग पाणी घाल

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीत होते, नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. "सगळी पानं पिवळी पडून गळाली, नुसत्या काटेरी काड्या उरल्यात, मी मारलं ना ते?" असं तू विचारलंस. नाही गं. नर्सरीत उघड्या उन्हात वाढलेलं हे युफोर्बियाचं काटेरी फुलझाड तू घरी आणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलंस. उजेड एकदम कमी झाला की हे झाड पानं टाकतं. पाण्याची ओढ लागली तरी टाकतं. त्याचं पाणी खोडात साठवलेलं असतं, त्यामुळे पानांवाचून त्याचं बरेच दिवस निभतं. गळालेली पानं त्याच जागी परत येणार नाहीत, नवी येतील ती शेंड्याला. खालचं खोड उघडं दिसणारच, ते त्याचं रूपच आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. झाड असं ओकंबोकं दिसलं की जीव कळवळतो आणि आपण रोज तांब्याभर पाणी घालायला लागतो. ते तू करू नकोस.

हे मूळचं मादागास्करचं, तिथल्या खडकाळ, कोरड्या मुलखातलं. मादागास्करजवळच्या रियुनियन या फ्रेंच बेटाचे गव्हर्नर राहिलेल्या मिलियस यांनी 1821 मध्ये ते फ्रान्सला नेलं, म्हणून शास्त्रीय नाव युफोर्बिया मिली. आपण त्याला सरसकट निवडुंग म्हणून टाकतो, पण ते कॅक्टस नव्हे. आपला फड्या निवडुंग कॅक्टसच्या कुळातला, अमेरिकेहून आलेला. हे त्रिधारी निवडुंगाच्या आणि कुंपणाच्या शेराच्या गोतातलं. ओळख सोपी आहे: फांदी मोडली की पांढरा चीक येतो. त्या चिकाबद्दल पुढे लिहिते, तो भाग लक्ष देऊन वाच.

आता पाणी. वार ठरवून घालू नकोस. मातीत बोट दोन पेरं खाली घाल. कोरडं लागलं, तरी लगेच घालू नकोस, आधी काटे चुकवून खोड दोन बोटांत धरून बघ. टणक लागलं तर थांब. किंचित सैल, सुरकुतलेलं वाटलं तर कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाल आणि ताटलीत साचलेलं ओतून दे. उन्हाळ्यात ही वेळ आठवड्याने येईल, थंडीत वीस-पंचवीस दिवसांनीही येईल. तुझी बोटं महिन्या-दोन महिन्यांत शिकतील.

पण सैलपणा दोन तऱ्हेचा असतो, हे मी फार किंमत देऊन शिकले. कोकणातल्या घरी माझं लाल फुलांचं झाड होतं, सात वर्षांचं. कुंडी वळचणीला, पागोळ्या पडतात तिथेच ठेवलेली. आषाढात आठवडाभर झड लागली. वरून झाड टवटवीत, फुलांचे गुच्छही जागेवर, म्हणून मी बघितलंच नाही. एका सकाळी सहज बुंध्याला अंगठा लावला तर खोड पिकल्या केळ्यासारखं दबलं, तपकिरी पाणी आलं आणि कुजका वास. तहानलेलं खोड सुरकुततं, वरपासून सारखं सैल होतं. कुजणारं खोड मातीलगत मऊ पडतं, रंग काळपट होतो. बुंधा मऊ लागला तर पाणी घातलंस की संपलं.

त्या दिवशी मी खालून वर फांद्या कापत गेले. दर कापाला सुरी पुसायची आणि आतला गाभा बघायचा. तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर कापायचं. शेवटी निखळ पांढरा गाभा लागला तेव्हा हातात चार बोटांचा एक शेंडा उरला होता. तो थंड पाण्यात बुडवला, की चीक थांबतो. मग आठवडाभर सावलीत सुकवला, कापावर कोरडी खपली धरू दिली आणि जेमतेम ओलसर जाड वाळूत खोचला. महिन्याने हलकेच ओढून पाहिलं तर धरून होता. आज गच्चीत आहे ते झाड त्याच शेंड्याचं. तुझ्या झाडाची एक फांदी अशी आताच लावून ठेव. घरात एक जोड असलेली बरी.

माती मात्र बदलावीच लागेल. नर्सरीवाले बहुतेक चिकण माती नाहीतर निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून देतात, दोन्ही पाणी धरून ठेवतात. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. वाळू समुद्रावरची नको, खारी असते. कुंडी मातीची घे, मुळांपेक्षा फार मोठी नको. काढताना झाडाला घडी केलेल्या वर्तमानपत्राचा पट्टा गुंडाळून धर.

जागा पूर्वेच्या खिडकीत, अगदी ग्रिलपाशी. निदान चार तास थेट ऊन मिळू दे. खोलीच्या आत दोन पावलं सरकवलंस तरी फूल कमी होतं. ज्याला आपण फूल म्हणतो त्या दोन रंगीत पाकळ्या खरं तर पानांचंच रूप, खरी फुलं मध्ये इवलीशी असतात. भिंग असेल तर बघ, मला ती फार आवडतात. पावसाळा संपला की गॅलरीत काढ, पण आठ-दहा दिवस टप्प्याटप्प्याने. घरातून थेट दुपारच्या उन्हात गेलं तर पानं भाजतात. पावसाळ्यात छपराखालीच हवं. गारठा दहा अंशांखाली जायला लागला तर रात्री आत घे, ठाण्यात ती वेळ सहसा येणार नाही.

चिकाचं सांगते. अंगाला लागला तर आग होते, पुरळ येतं, पोटात गेला तर त्रास होतो. डोळ्यात गेला तर फार वाईट, तेव्हा तसंच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. कापाकापी हातमोजे घालून कर, नंतर साबणाने हात धू आणि तोवर चष्म्यालाही हात लावू नकोस. तुझ्याकडे भाचा येतो ना रांगत? कुंडी त्याच्या हाताबाहेर, उंच आणि पक्की ठेव. मांजर असेल तर तेही ध्यानात घे.

खत सध्या काही नको. नवी पानं फुटू देत, मग बघू.

पुढच्या रविवारी फोटो पाठव. शेंड्याचा नको, मातीलगतच्या बुंध्याचा पाठव, जवळून आणि दिवसाच्या उजेडात.

तुझी,
मावशी