हात न लागलेली जमीन

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शेतांची धूप सीझियमवरून मोजायचा तुझा बेत वाचला. पत्रात डिटेक्टरबद्दल दीड पान आहे आणि संदर्भ जागेबद्दल, म्हणजे जिथली माती हललेली नाही अशा तुलनेच्या जागेबद्दल, एक ओळ: ‘गवताळ पठार, हात न लागलेली जमीन.’ हात लागला नाही, हे तुला कोणी सांगितलं?

अगं, सगळं त्या जागेवर उभं आहे. १९५२ पासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी धूळ पार स्थितांबरात उडवली. ती पावसाबरोबर जगभर उतरली आणि १९६३ च्या सुमारास सर्वांत जास्त पडली. त्यातलं किरणोत्सारी सीझियम-१३७ पोटॅशियमचं भाऊबंद. चिकणमातीच्या थरांत त्याच्याच जागी जाऊन बसतं, ते सहसा पाण्यानं सुटत नाही. माती गेली तरच ते जातं. साऱ्या पृथ्वीवर कुणी फक्की मारून ठेवावी तसं झालं (मारणाऱ्यांच्या मनात आपली शेतं नव्हती, ते सोड). आता शेतात ती फक्की किती उरली हे मोजता येतं, पण मुळात किती पडली होती हे संदर्भ जागाच सांगते. ती जागाच धुपलेली निघाली, तर शेजारचं झिजलेलं शेत कागदावर ठणठणीत दिसतं.

माझीच फजिती ऐक. देवळामागचं एक माळरान मी निवडलं होतं. सपाट, गवत दाट, नकाशावर पडीक. दोन-दोन सेंटिमीटरचे थर कापून त्यांतलं सीझियम मोजलं. वरच्या थरांत जास्त आणि खाली झपाट्यानं कमी व्हायला हवं होतं. पण पंधरा सेंटिमीटरपर्यंत आकडे जवळजवळ सारखे, आणि त्याखाली एकदम घसरण. दोन आठवडे मी यंत्रावर संशय घेतला. मग देवळाच्या पायरीवरच्या आजीबाई म्हणाल्या, “तिथं आमची मटकी असायची की!” बैलाच्या नांगरानं माती वरखाली केली होती, इतकंच. आजींना आधी विचारलं असतं तर खड्डे वाचले असते.

म्हणून १९६३ नंतरचं विचार. मुख्य म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात तिथं काम निघालं होतं का? बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याला मुरूम. आज ज्या उतारावर गवत डोलतंय, तिथली वरची वीतभर माती तेव्हाच पाट्यांतून गेलेली असू शकते.

काळ्या मातीत तर माणसाचा हातही लागावा लागत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती आत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. तुझं पठार काळ्या मातीचं असेल तर मी ते संदर्भ म्हणून घेणार नाही.

पाऊसही जुळायला हवा, कारण सीझियम पावसाबरोबर आलं. महाबळेश्वरची जागा वाईच्या शेताला चालणार नाही. अंतर थोडं, पावसात जमीनअस्मानाचा फरक.

देवराईचा विचार तुझ्या मनात आला असेलच. माझ्याही आला होता. पण झाडाच्या फांद्या पाऊस अडवतात, खोडावरून ओघळवतात. दोन पावलांवर आकडा बदलतो. उघडी, गवताची जागा बरी. आणि एका कोअरवर, म्हणजे मातीच्या एकाच उभ्या नमुन्यावर, विसंबू नकोस, दहा-बारा तरी घे.

यंत्राचं थोडक्यात. अर्धायुष्य तीस वर्षांचं, म्हणजे १९६३ चं आता जेमतेम पाव उरलंय. त्यात आपल्या अक्षांशावर मुळातच युरोपपेक्षा कमी पडलं. सीझियमच्या गॅमा किरणांचं ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर आलेखात नीट उठायला एका नमुन्याला अख्खा दिवस लागला तर घाबरू नकोस. रांग लागली म्हणून वेळ कापू मात्र नकोस.

दिवाळीनंतर गावात जा. सोबत सातबाऱ्याचे जुने उतारे घे, पीकपाहणीचा रकाना वाच, पारावर बस. त्या फेरीत ऑगर, मातीत भोक पाडायचं गिरमिट, गाडीतच राहू दे.

तुझे,
सर