चियांग माईचं स्वस्त विमान: घ्या, पण उतरल्या दिवशी नको

प्रश्न : आम्ही दोघं, मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई डिसेंबरात थायलंडला निघालोय. मुंबई-बँकॉक तिकिटं झालीत. पुढे चियांग माईला जाऊन-येऊन बजेट विमानाचे माणशी 6,400 रुपये होतात, एजंट मोठ्या कंपनीचे 11,000 सांगतो. सकाळी बँकॉकला उतरून दुपारीच बजेट विमान पकडायचं, बँकॉकच्या तीन रात्री शेवटी, असा बेत आहे. की महिनाभर एसआयपी थांबवून महाग तिकीट घ्यावं?

उत्तर : एसआयपीला हात लावू नका. सहलीचे पैसे सहलीच्याच खात्यातून जाऊ द्यात.

कागदावर फरक 18,400 रुपयांचा दिसतो, पण तेवढे वाचणार नाहीत. बजेट भाड्यात साधारण सात किलो हातसामान बसतं, आणि चाकांची बॅग रिकामीच अडीच किलोची असते! चौघांत दोन मोठ्या बॅगा बुकिंग करतानाच घ्या. दोन्ही फेऱ्यांचे मिळून 4,800 धरा. काउंटरवर हेच फार महाग पडतं. कार्डावर 3.5 टक्के परकीय चलन शुल्क असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेबाराशे. पेमेंट करताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला तर नाही म्हणा, बाटमध्येच (थायलंडच्या चलनात) भरा. एवढं करून बारा हजार हातात राहतात. वाईट नाही.

पण त्याच दुपारचं विमान या बारा हजारांवर पाणी फिरवू शकतं. मुंबईहून तुम्ही बहुधा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतराल, बजेट विमानं बहुतेक डॉन म्युआंग या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. इमिग्रेशन, बॅगा घेणं, मग बँकॉकच्या ट्रॅफिकमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुढचं तिकीट दाखवल्यावर मोफत शटल बस मिळते, पण ट्रॅफिक तिलाही चुकत नाही. तिकिटं वेगवेगळी असल्याने मुंबईचं विमान लेट झालं तरी पुढची कंपनी थांबणार नाही, पैसेही देणार नाही. ऐनवेळी माणशी 5,000 मोजले तरी 20,000 गेले. विम्यावर विसंबत असाल तर ‘मिस्ड कनेक्शन’चं, म्हणजे पुढचं विमान चुकल्याचं, कलम आधी वाचा. स्वतः जोडलेली तिकिटं त्यात बसतीलच असं नाही.

म्हणून तीनपैकी दोन रात्री सुरुवातीला घ्या, मग चियांग माई, आणि परतीच्या आदल्या दिवशी बँकॉकला या. हॉटेलचा खर्च तोच राहतो. रात्रीची स्लीपर गाडीही आहे, सुमारे हजार बाटला खालचा बर्थ मिळतो. मात्र बारा-तेरा तासांचा प्रवास सासूबाईंना झेपेल का, ते तुम्हीच ठरवा.

त्यांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. बजेट विमानांत अनेकदा बसने नेऊन जिन्यानेच चढवतात.