‘ब्रिटिश’ हा आधी दावा होता, ओळख नंतर

प्रश्न असा आहे की ‘इंग्रज’ आणि ‘ब्रिटिश’ एकच का, आणि ब्रिटिश ही ओळख १७०७ साली, इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले तेव्हा, जन्मली का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं अर्धंमुर्धं हो.

‘ब्रिटन’ हे नाव मुळात वेल्सवाल्यांचं. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, येण्याआधी बेटावर जे लोक होते, त्यांचे हे वंशज. गंमत म्हणजे ‘वेल्श’ हा शब्द इंग्रजांनी दिलेला, आणि त्याचा अर्थ ‘परके’! घरमालकालाच उपरा ठरवलं. ते स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात, म्हणजे एका मुलखातले.

११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथने ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. ग्रीक पुराणकथांतल्या ट्रॉय नगरीच्या वंशातला ब्रूटस बेटावर उतरला, त्याच्यावरून ब्रिटन. त्याच्या तीन मुलांत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वाटले गेले, थोरल्याला इंग्लंड. निव्वळ भाकडकथा. पण १३०१ मध्ये पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडवर हक्क सांगायला पोपला पत्र लिहिलं, त्यात पुरावा म्हणून हाच ब्रूटस! स्कॉट लोकांनी उलट इजिप्तच्या राजाची, फॅरोची, मुलगी स्कोटा पुढे केली. आपल्याकडे वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे हक्काची जुनी हकीकत, मांडायचे, तसलाच मामला.

पुढे वेल्श रक्ताच्या सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये गादी जिंकली आणि थोरल्या मुलाचं नाव आर्थर ठेवलं. आर्थर हा दंतकथेतला ब्रिटनचा राजा, त्यामुळे कारण उघड आहे.

खरी कसोटी लागली १६०३ नंतर. स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. पार्लमेंटने ‘ग्रेट ब्रिटन’ हे नाव मान्य केलं नाही, तेव्हा पठ्ठ्याने १६०४ मध्ये जाहीरनामा काढून स्वतःच ते लावून घेतलं. त्याच्या सोन्याच्या वीस शिलिंगी नाण्याचं नावच ‘युनाइट’, आणि त्यावर बायबलमधलं लॅटिन वचन: मी त्यांना एक राष्ट्र करीन. नाणी चालली, राष्ट्र काही झालं नाही. १६०६ मध्ये जहाजांसाठी एकत्र निशाण काढलं, तर स्कॉटिश नाखवे तक्रार घेऊन आले: आमच्या क्रॉसवर इंग्रजांचा क्रॉस का?

शंभर वर्षांनी, १७०७ मध्ये, विलीनीकरण झालं ते प्रेमापोटी नव्हे. मध्य अमेरिकेतल्या डेरियनच्या वसाहतीत स्कॉटलंडचा पैसा बुडाला होता, आणि इंग्लंडला फ्रान्सच्या पाठिंब्याचा कॅथलिक राजा उत्तरेत नको होता. स्कॉटलंडला पार्लमेंटच्या कॉमन्स या सभागृहात ४५ जागा मिळाल्या. कायदा आणि चर्च त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. माझ्या मते हीच अट कामी आली. स्कॉट राहूनही ब्रिटिश होता येऊ लागलं.

म्हणून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजच होता, त्याला ब्रिटिश म्हणू नका. आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन ब्रिटिश होता, पण जातीचा स्कॉट. आपल्या बखरींना दोघेही टोपीकरच.