हिऱ्याची पाटी घेताना

सुरीला धार लावायला एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला १००० (आकडा मोठा तितके हिऱ्याचे कण बारीक) अशी स्वस्तातली पाटी घाईने घेऊ नकोस. मी घेतली होती. महिन्याभरात हिरे झडले आणि खालचा चकचकीत पत्रा तेवढा उरला. निकेलच्या मुलाम्यात हिऱ्यांचा एकच थर असतो, तो गेला की पाटी संपली. रेझिनमध्ये हिरे मिसळून केलेल्या दगडात ते खोलवर असतात, पण किंमतही तशीच! घरच्या सुरीला डीएमटी कंपनीची ६०० मेशची (मेश म्हणजे तोच कणांचा आकडा), म्हणजे २५ मायक्रॉनच्या कणांची लाल पाटी पुरे. ३२५ ची निळी फक्त टवके उडालेल्या पात्याला. नवी पाटी सुरुवातीला जरा जास्तच ओरबाडते, घाबरू नकोस. पाणी शिंपड, जोर मात्र लावू नकोस. पात्याच्या वरच्या बाजूला नखाला बारीकशी कड अडकायला लागली, की सुरी उलटव.