माप बदललंय, एवढंच

गावभाग, सांगली
मंगळवार, रात्रीचे साडेनऊ

चि. सौ. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू दारातूनच बोललीस. स्कूटीही बंद केली नाहीस. पुढ्यात उभं पोरगं झोपेला आलेलं, हुकाला भाजीची पिशवी. म्हणालीस, "काकू, ऑफिसात आज तिसऱ्यांदा विचारलं, बरं नाही का म्हणून. बरी आहे हो मी, नुसती दिसत नाही तशी." आणि विश्रामबागेकडे निघूनसुद्धा गेलीस. मी आपली हातात बादली घेऊन उभी.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणत कुकरच्या शिट्ट्या मोजत असतेस. म्हणून लिहितेय. पोरगं झोपल्यावर वाच.

तुझं कपाट मी बघितलंय. बारशाच्या दिवशी तूच उघडून दाखवलंस, "यातलं एकही होत नाही आता" म्हणून. तेव्हा बाळ बारा दिवसांचं होतं. आता ते तीन वर्षांचं झालं, शाळेत जायला लागलं, आणि तू अजून बाळंतिणीचेच दोन ढगळ कुडते आलटून पालटून घालतेस. बाकीचे कपडे तुझी वाट बघत बसलेत आणि तू त्यांची. तू बारीक होशील तेव्हा ते निघणार. बारीक व्हायचं तर हो बाई, मला काही म्हणायचं नाही. पण तोवर ऑफिसला रोज जायचंच आहे ना?

अडतीस वर्षं मशीनवर बसले मी. या टेपनं किती बायकांची मापं घेतली याचा हिशेब नाही. लग्नाआधीचं माप, बाळंतपणानंतरचं माप, पाळी गेल्यानंतरचं माप, सगळं एकाच वहीत, एकाच नावापुढे. छाती, कंबर, दंड बदलतात. खांदा सहसा फारसा हलत नाही. आणि कपड्याचं सगळं रूप खांद्यावर असतं. खांद्याची शिलाई हाडावर बसली की साधा सुती कुडतासुद्धा नीट दिसतो. तीच दीड इंच खाली घसरली, की भारी कपडासुद्धा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. तुझ्या त्या दोन कुडत्यांचं हेच झालंय. कंबर लपावी म्हणून तू दोन मापं मोठे घेतलेस, आणि त्यांनी खांदेच पाडून टाकले. आजारी दिसतेस ती त्यामुळं.

तर पहिलं काम दुकानात जायचं नाही. जुने ब्लाउज आणि कुडते उलटे करून बघायचं. बगलेपासून खाली जी शिलाई जाते, तिच्या आत किती कापड शिल्लक आहे? आम्ही त्याला मार्जिन म्हणतो. चांगल्या हाताची शिंपीण इंच-दीड इंच सोडतेच. समज, शिलाई फक्त अर्धा इंच बाहेर घेतली. पुढचा भाग, पाठ, डावी बाजू, उजवी बाजू, असे चार वेळा अर्धा इंच. दोन इंच मिळाले की नाही? बहुतेक बायकांना एवढेच लागतात. दंडाला आवळत असेल तर बाहीचीही तीच शिलाई उसवायची. तिथं कापड नसेल तर काखेत त्याच रंगाचा छोटा चौकोनी तुकडा घालता येतो. हात वर केल्याशिवाय कुणाला कळत नाही. अस्तराचा ब्लाउज असेल तर अस्तरही तेवढंच सोडवावं लागतं, नाहीतर वरचं कापड सैल आणि आतून करकचून. तयार घेतलेल्या कुडत्यांत मात्र मार्जिन नावालाच असतं, कडेच्या इंटरलॉक शिलाईला चिकटून. ते सुटणार नाहीत. ते देऊन टाक कुणाला. ठेवलेस तर रोज कपाट उघडल्यावर तुला टोचतील.

हे मी फार शहाणी म्हणून सांगत नाही. माझा थोरला दोन वर्षांचा असताना माझ्या ब्लाउजला खालचे दोन हूक नव्हते, सेफ्टी पिना होत्या. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला हूक लावून लावून बोटं दुखायची, स्वतःचा राहायचा. एक दिवस मीटर घेऊन वाकले आणि पिन तुटली. समोरची बाई भली होती, म्हणाली, "शिंपिणीचाच ब्लाउज उसवलेला होय?" दिव्याखाली अंधार. त्या रात्री मी माझे नऊ ब्लाउज काढून बसले आणि पहाटे तीनपर्यंत सगळे मापाला आणले. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, साडी नवी का गं? साडी लग्नातली होती.

नवीन शिवायचंच तर थोडं शिव, पण ठरवून. इचलकरंजी इथून किती लांब आहे? माग तिथले, कापड आपल्या दारात. साधं सुती कापड मीटरवर घे. तुझ्या उंचीच्या कुडत्याला अडीच मीटर पुरतं. शिवायला द्यायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर, मग दे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी आटलेलं बरं, शिवल्यावर आटलं की रडू येतं. अस्तराचंही तेच. आणि शिंपिणीला तोंडानं सांग, "मार्जिन सोडा." सांगितल्याशिवाय आजकाल सोडत नाहीत.

खालच्या पँटी तीनच रंगाच्या कर. गडद निळी, काळी, आणि एक मातकट, आपल्या मातीशी जुळणारी. पांढरी नको. तुझ्या मांडीवर तीन वर्षांचा मुलगा बसतो आणि तू सांगली-मिरज रस्त्यावरून रोज स्कूटीवर जातेस. कुडते कुठल्याही रंगाचे घे, पण घेताना त्या तिघींपैकी दोघींवर तरी शोभेल का हे मनात बघ. न शोभेल तर कितीही आवडला तरी ठेव परत. अशानं सकाळी दिव्याशिवाय हात घातलास तरी जोडी जमते. बाही कोपराच्या जरा खाली. पूर्ण बाही घातलीस तर कणकेत बुडणार. ओढणी आवडत असेल तर घे, पण स्कूटीवर गळ्यात मोकळी सोडू नकोस, चाकात जाते. गाठ मारून डिकीत ठेव आणि ऑफिसच्या दारात अंगावर घे.

साडी तू आठवड्यातून एकदा नेसतेस ना, शुक्रवारी? तिथं दोन-तीन गोष्टी. परकर चांगला शिव, सुती, कळ्यांचा, कंबरेला नाडी. साडी बसते ती परकरावर. बाया पाच हजारांची साडी घेतात आणि आत बाजारातला घसरता सॅटिनचा परकर घालतात, मग दिवसभर निऱ्या वर ओढत बसतात. फॉल लावायच्या आधी भिजवून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि काठाला सुरकुत्या पडतात, त्या कुठल्याही इस्त्रीनं जात नाहीत. पदराच्या निऱ्या गुरुवारी रात्रीच घालून, पिन लावून, इस्त्री मारून ठेव. सकाळी नुसता खांद्यावर टाकायचा. सात मिनिटांत नेसून होते, मी घड्याळ लावून बघितलंय.

आणि तुझ्या आजीची ती इरकल. काळी, लाल काठाची. ती का नेसत नाहीस गं? आपल्याकडं इरकल म्हातारीचं लुगडं समजून पोरींनी टाकून दिलं, आणि आता पुण्या-मुंबईच्या बायका शोधत शोधत इलकलला जातात. त्या साडीवर गुळेदगुड्डच्या खणाचा एक ब्लाउज शिवून घे, हिरवा नाहीतर जांभळा. तोच ब्लाउज तुझ्या तीन साध्या साड्यांवर चालेल. एका ब्लाउजात चार साड्या नव्या झाल्या.

राखून ठेवू नकोस काही. ऑगस्ट २०१९ ला महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या या घरात किती आलं ते तू बघितलंयस, चिखल काढायला तूच आली होतीस खराटा घेऊन. ट्रंकेतल्या अकरा साड्यांपैकी चारांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कुणाच्या तरी लग्नात नेसू म्हणून. आठ दिवसांनी ट्रंक उघडली तर एकीचा रंग दुसरीत, दुसरीचा तिसरीत, आणि वर नदीचा गाळ. रोज नेसायच्या साड्या मी अंगावर आणि पिशवीत घेऊन निघाले होते, त्या तेवढ्या वाचल्या. त्यातली एक आजही नेसलेय.

आता डाग. सकाळी तयार होऊन मग तू डबा भरतेस, हीच चूक. आधी स्वयंपाक, मग पोरगं, मग कपडे, अगदी शेवटी. ते जमत नसेल तर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट उलटा चढव, बटणं पाठीवर, मिरजेच्या दवाखान्यातले डॉक्टर ऑपरेशनला घालतात तसा. हसतील घरचे, हसू देत. निघताना काढून खुंटीला टांगायचा.

तरी हळद लागणारच. सांगलीत राहून हळदीचा डाग चुकत नाही. आपल्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, डाग काढायची सोय काही कुणी दिली नाही. डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नकोस, साबणाच्या खारानं हळद लाल होते, डाग पसरलेला नसतो. धुऊन टाक आणि कडक उन्हात वाळत घाल. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत उतरतो. फक्त कापडाचा रंग गडद असेल तर उन्हात फार वेळ ठेवू नकोस, तोही उतरेल. तेलावर लगेच तांदळाचं पीठ नाहीतर पावडर टाक, तासाभरानं झटक. दुधाचा डाग गार पाण्यानं धू. गरम पाणी घातलंस की दूध तिथंच शिजून बसतं.

इस्त्री रोज करायला जाऊ नकोस, होणार नाही. रविवारी संध्याकाळी चार दिवसांचे चार जोड कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं दे, आणि आले की पँट, कुडता, ओढणी एकत्र टांग. सोमवारचा पुढे, गुरुवारचा मागे. शुक्रवारी साडीच. घरीच करायची तर सुती कपडा जरा ओलसर असतानाच कर, पार वाळल्यावर दुप्पट वेळ लागतो. पावसाळ्यात खळ घालू नकोस, वास मारतो आणि कसर लागते. जुलै-ऑगस्टपुरते दोन जॉर्जेटचे कुडते असू देत, ते रात्रीत वाळतात. बाकी दहा महिने सुती. एप्रिलमध्ये या गावात दुसरं काही अंगावर सहन होत नाही.

तेच ते कपडे घातले तर लोक काय म्हणतील, असं तू मागे म्हणाली होतीस. मिरजेतल्या नर्स बघ. वर्षानुवर्षं एकच रंग. कुणी म्हणतं का गबाळ्या दिसतात? आपल्याला त्यांचा कपडा आठवतसुद्धा नाही, नीटनेटक्या दिसल्या एवढंच आठवतं. तुझा सोमवारचा निळा कुडता दर सोमवारी घाल. कुणाच्या लक्षात आलं तर मला सांग, मी त्याला मिठाई देते.

केसांचं आणि चपलेचं मला फार सांगता येणार नाही, ते माझं खातं नाही. एवढंच, की टाच झिजलेली चप्पल घातली की चालच वाकडी होते आणि मग वर काहीही घाल. चांभाराकडं दे, तळ बदलून मिळतो.

आता गुरुवारी संध्याकाळी ये. येताना ते न होणारे सगळे ब्लाउज आण, धुतलेले, इस्त्री नको. आधी उसवायचेच आहेत. आजीची इरकलही आण. माझी मशीन जुनी आहे पण शिलाई सरळ घालते. डोळ्यांना आता दोरा दिसत नाही, तो तू ओवून दे. पोराला घेऊनच ये. बटणांचा डबा काढून ठेवते त्याच्यासाठी, रंगारंगानं लावत बसेल तासभर. भडंगही करते, तिखट कमी घालून.

आणि माप पुन्हा घेऊ. वहीत जुन्याच्या खाली नवीन लिहायचं, तारीख घालून. जुनं खोडायचं नाही.

तुझी,
काकू