वाचकांचे प्रश्न : नगरसेवक ते महापौर, आणि त्यापुढे

प्रश्न : आमच्या प्रभागाचे नगरसेवक सलग तीन वेळा निवडून आले आणि गेल्या खेपेस शहराचे महापौर झाले. नगरसेवक असताना पाण्याचा टँकर येईपर्यंत ते रात्री अकरा वाजता स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. महापौर झाल्यावर मात्र ते उद्घाटनांत आणि सत्कारांतच दिसू लागले. गटाराच्या रखडलेल्या कामाविषयी विचारले, तर 'आयुक्तांकडे पाठपुरावा चालू आहे' एवढेच उत्तर मिळे. महापौरपद केवळ शोभेचे आहे काय? तसे असेल, तर त्यासाठी एवढी चढाओढ कशासाठी होते? (शहराचे नाव न छापण्याची विनंती वाचकांनी केली आहे.)

उत्तर : तुम्हांला मिळालेले उत्तर टाळाटाळीचे वाटणे साहजिक आहे, पण ते कायद्याला धरून होते. मुंबईला 1888 चा आणि राज्यातील इतर महापालिकांना 1949 चा अधिनियम लागू आहे, आणि दोन्ही कायद्यांनी अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती ठेवले आहेत. तिजोरीची चावी स्थायी समितीकडे असते. म्हणूनच स्थायीचे अध्यक्षपद आणि महापौरपद यांतून निवड करण्याची वेळ आली, तर पुष्कळ मुरलेले नगरसेवक मनातून स्थायीलाच पसंती देतात. महापौरांना कार्यकारी अधिकार देणारा 'मेयर इन कौन्सिल'चा प्रयोग मुंबईत 1998 साली झाला होता, पण तो लवकरच गुंडाळण्यात आला. सभागृहाने एखादा ठराव केला, तरी तो कायद्याविरुद्ध किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध असल्याचे सांगून प्रशासन तो विखंडित, म्हणजे रद्द, करण्यासाठी सरकारकडे पाठवू शकते. तेव्हा गटाराचे काम महापौरांच्या एका सहीने होत नाही, ही गोष्ट खरी आहे.

त्यात पुन्हा मुदत अडीच वर्षांची आणि पदाचे आरक्षण सोडतीने ठरणारे. पंधरा वर्षे सभागृहात घालवलेल्या माणसाची संधी एका चिठ्ठीने जाते, आणि त्याच चिठ्ठीने एरवी ज्यांचे नावही पुढे आले नसते अशा कार्यकर्तीला शहराचे प्रथम नागरिकत्व मिळते. या दुसऱ्या बाजूचे मला मनापासून मोल वाटते.

तरीही हे पद शोभेचे आहे, असे मी म्हणणार नाही. त्याची खरी किंमत उद्घाटनाच्या फितीपाशी कळत नाही, ती सर्वसाधारण सभेत कळते. एखाद्या सभेला प्रेक्षक गॅलरीत अवश्य बसून पाहा. कार्यपत्रिकेवरील विषय पुकारला जातो, विरोधक उपसूचना मांडतात, सत्ताधारी बाकांवरून 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो, कोणी पाणीटंचाईचा निषेध म्हणून रिकामी घागर घेऊन महापौरांच्या आसनापुढे येतो, तर कोणी थेट राजदंडालाच हात घालतो. अशा वेळी सभा तहकूब करून मोकळे होणे सोपे असते. अवघड असते ते गोंधळ शांत करून विरोधी नगरसेवकाला बोलू देणे आणि आयुक्तांना 'पुढील सभेपूर्वी लेखी खुलासा सादर करावा' असा निदेश देऊन पुढच्या सभेत तो खुलासा आठवणीने मागून घेणे. समान मते पडली, तर निर्णायक मतही महापौरांचेच असते. तुमच्या गटाराचा प्रश्न या सभागृहात आला होता काय आणि आला असल्यास त्यावर कोणता निदेश दिला गेला, हे आता त्यांना विचारावे. सभेचे इतिवृत्त लिहिलेले असते, त्यामुळे उत्तर पडताळूनही पाहता येईल.

राहिला प्रश्न कारकिर्दीचा. मनोहर जोशी यांचे उदाहरण मला या संदर्भात सर्वांत बोलके वाटते. 1937 साली रायगड जिल्ह्यातील नांदवी या गावी गरीब घरात जन्मलेला हा मुलगा माधुकरी मागून शिकला, मुंबईत आल्यावर महापालिकेत नोकरीला लागला, दादरला त्याने कोहिनूर ही तांत्रिक शिक्षण देणारी संस्था उभी केली आणि पुढे शिवसेनेतर्फे तो त्याच महापालिकेत नगरसेवक म्हणून दाखल झाला. 1976-77 मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, जोशी मुंबईचे महापौर होते. जिथे नोकरी केली, त्याच संस्थेच्या सर्वोच्च आसनावर बसण्याचा तो योग होता. 1995 मध्ये ते मुख्यमंत्री झाले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तेच पद. मला मात्र 2002 मध्ये मिळालेले लोकसभेचे अध्यक्षपद त्यांच्या महापौरपदाशी अधिक जवळचे वाटते. पक्षाच्या बळावर निवडून यायचे आणि आसनावर बसल्यावर सर्व बाकांचे व्हायचे, ही कसरत दोन्हीकडे सारखीच आहे.

हा केवळ योगायोग नसावा, असे वाटण्याचे कारण जुन्या इतिहासात आहे. 1925 मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे पहिले लोकनियुक्त भारतीय अध्यक्ष झालेले विठ्ठलभाई पटेल त्यापूर्वी मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते. 'महापौर' हा शब्द तेव्हा रूढ व्हायचा होता. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, ज्यांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, तेही 1930 च्या दशकात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. सभा चालवण्याचे पहिले धडे या तिघांनीही नळ, दिवे आणि गटारे यांवरच्या वादांतच गिरवले होते.

प्रश्न : माझी मुलगी प्रथमच नगरसेविका झाली आहे. 'एक दिवस महापौर होईन' असे ती म्हणते. तिने आतापासून काय करावे?

उत्तर : सोडत आणि पक्षाचा आदेश या दोन गोष्टी तिच्या हातात नाहीत, म्हणून त्यांचा विचार तिने आता करू नये. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपूरचे नगरसेवक आणि 1997 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, महापौर झाले. हे उदाहरण तिला सगळेच सांगतील, पण इतकी जलद वाट फार थोड्यांना मिळते. त्यापेक्षा छगन भुजबळ यांची वाट तिने पाहावी. भायखळ्याच्या मंडईत भाजीचा धंदा केलेला हा कार्यकर्ता 1973 मध्ये मुंबईत नगरसेवक झाला, विरोधी पक्षनेता म्हणून महापालिकेत गाजला आणि 1985 मध्ये महापौर झाला. दरम्यान बारा वर्षे गेली होती, आणि त्या काळात प्रशासनाला प्रश्न विचारण्याची त्यांची सवय पक्की झाली होती.

तिला मिळालेली कार्यपत्रिका तिने सभेच्या आदल्या रात्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, विशेषतः आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर नजर ठेवावी, आणि जो विषय कळला नाही त्यावर 'मंजूर' म्हणण्याआधी उभे राहून खुलासा मागावा. आरंभी आवाज कापेल. गोंधळात कोणी ऐकणारही नाही. तरी तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले आहे की नाही, हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी तिने स्वतः तपासावे.